मदत हवी आहे: बुरशीचा एक रिपोर्ट पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. नानांना नक्की झालंय काय?

शेवंती, इंदूर

नमस्कार मंडळी. औषध काय ते डॉक्टर देतीलच, पण हातातले कागद मला वाचता आले तर पुढच्या भेटीत धड प्रश्न तरी विचारता येतील, म्हणून हा धागा.

पेशंट माझे सासरे, नाना. वय ७१. सगळी नोकरी कापड गिरणीत, सूतखात्यात. तरुणपणी टीबी झाला होता. मनोरमा राजे टीबी हॉस्पिटलातून औषधं घेतली, कोर्स पूर्ण केला, बरे झाले. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक पोकळी मात्र कायमची राहिली. धाप लागते, बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा इनहेलर चालू आहे.

दिवाळीपासून खोकला वाढलाय, वजन उतरलंय, अन्नावरची वासना गेलीय आणि अधूनमधून थुंकीत रक्त दिसतं. सीटीत पोकळीची भिंत जाड झालेली आणि आत गोळा. सीबीनॅट (थुंकीतून टीबी शोधणारी तपासणी) निगेटिव्ह. मग रक्त दिलं, त्याचे आकडे असे:

अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीविरुद्धची आयजीजी ८४ एमजीए प्रति लिटर. गॅलॅक्टोमॅनन ०.१८, निगेटिव्ह. बीटा-डी-ग्लुकॅन ७२, समोर 'अनिश्चित'. एकूण आयजीई ३१०. इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नॉर्मल. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं) वाढलेलं, प्रोकॅल्सिटोनिन अगदी कमी.

छातीचे डॉक्टर म्हणतात जुन्या पोकळीत बुरशी, इट्राकोनाझोल हे बुरशीचं औषध सुरू करू. नात्यातले एक डॉक्टर म्हणतात गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह आहे म्हणजे बुरशी नाहीच, टीबी उलटलाय, एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू करा. घरात दोन तट पडलेत आणि नाना म्हणतात मला कोणतंच नको. यातल्या कुठल्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा?

बंडोपंत

आडुळसा आणि मध. आमच्या आजोबांचा जुनाट खोकला गेला होता.

लॅबवाली, वडोदरा

पंत, थुंकीत रक्त आहे हो. आडुळसा राहू द्या.

शेवंतीताई, मी मायक्रोबायोलॉजीत आहे. तुमचे रिपोर्ट एकमेकांशी भांडत नाहीयेत, प्रत्येक तपासणी वेगळी गोष्ट शोधते. गॅलॅक्टोमॅनन हा बुरशीच्या भिंतीचा तुकडा. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी संपलेल्या असतात तेव्हा बुरशी रक्तवाहिन्यांत घुसते आणि तो रक्तात सापडतो. नानांची बुरशी, असलीच तर, पोकळीत बसून आहे. तिचा तुकडा रक्तात फारसा उतरत नाही. त्यामुळे या आजारात रक्तातलं गॅलॅक्टोमॅनन निगेटिव्ह येणं नेहमीचंच, त्यावरून बुरशी नाही असं म्हणता येत नाही. दुर्बीण घालून फुप्फुस धुतलेल्या पाण्यात तीच तपासणी जास्त उपयोगी पडते.

आयजीजीचं उलट आहे. ती नानांच्या शरीराने तयार केलेली अँटिबॉडी. महिनोन्‌महिने बुरशीशी गाठ पडली की ती चढते. चंडीगढच्या पीजीआयने आपल्याकडच्या रुग्णांसाठी २७ च्या आसपासची रेषा सुचवली आहे, काही लॅब ४० धरतात. ८४ दोन्हींच्या वर आहे. मात्र पुढेमागे परत करायची तर त्याच पद्धतीच्या लॅबमध्ये करा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

बीटा-डी-ग्लुकॅनवर वेळ घालवू नका. ते कँडिडा, न्यूमोसिस्टिस अशा दुसऱ्या बुरशींतही वाढतं, आणि आल्ब्युमिन चढवलं, डायलिसिस झालं, ऑपरेशनचं गॉज लागलं तरी खोटं वाढतं.

छातीचा_डॉक्टर

वर नेमकं लिहिलंय. माझी भर.

नुसत्या आयजीजीवर निदान होत नाही. पोकळी असलेल्या कित्येकांच्या रक्तात ती असतेच. ब्रिटनमध्ये टीबीनंतर पोकळी राहिलेल्या ५४४ जणांची पाहणी १९६८ मध्ये छापून आली, त्यात साधारण चौथ्या हिश्श्याच्या रक्तात अँटिबॉडी होत्या आणि सगळ्यांनाच गोळा नव्हता. निदानाला तीन गोष्टी एकत्र लागतात: किमान तीन महिन्यांची लक्षणं, सीटीत तसं चित्र, आणि अँटिबॉडी किंवा कल्चरसारखा पुरावा. नानांच्या बाबतीत तिन्ही दिसतायत. टीबी नाही याची खात्री हवी, म्हणून थुंकीचं लिक्विड कल्चर पाठवलंय का ते विचारा. त्याला सहा आठवडेही लागतात.

आयजीई हा दम्याबरोबरच्या अ‍ॅलर्जीच्या बुरशीचा प्रश्न, ज्याला एबीपीए म्हणतात. तिथे २०२४ च्या सूचनांप्रमाणे रेषा ५०० ची, शिवाय अ‍ॅस्परजिलसची वेगळी आयजीई लागते. दमा नसेल तर तो कागद बाजूला ठेवा. प्रोकॅल्सिटोनिन कमी म्हणजे जोराचा बॅक्टेरियल न्यूमोनिया असण्याची शक्यता कमी, यापलीकडे त्याला काही विचारू नका.

एकेटी 'करून बघू' म्हणून सुरू करणं मला पटत नाही. त्यातलं रिफाम्पिसिन इट्राकोनाझोलची रक्तातली पातळी पार खाली आणतं. मग बुरशीचं औषध चालू असूनही नसल्यासारखं.

शेवंती, इंदूर

दोघांचे मनापासून आभार. लिक्विड कल्चर पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. आणखी दोन गोष्टी. औषध किती काळ? आणि नाना गच्चीवर ओल्या कचऱ्याचं खत करतात, वर्षाचे गहूही स्वतः चाळून कोठीत भरतात. त्याचा काही संबंध?

छातीचा_डॉक्टर

किमान सहा महिने. पीजीआयनेच सहा आणि बारा महिन्यांची तुलना केली, २०२२ मध्ये छापली. दोन वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण सहा महिनेवाल्यांत ३८ टक्के, बारावाल्यांत १० टक्के. आयजीजी हळूहळू उतरते, म्हणून ती दर महिन्याला करून घाबरू नका. वजन, खोकला आणि सीटी जास्त बोलतात. मधेच कपभर रक्त आलं तर धाग्यावर लिहीत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सी.

लॅबवाली, वडोदरा

खताचा डबा आणि चाळणी दोन्ही नानांच्या हातून काढा. कुजणारा पाला आणि दमट धान्य ही अ‍ॅस्परजिलसची आवडती जागा, ढवळलं की बीजाणू थेट नाकात. आजार यामुळेच झाला असं नाही, बीजाणू तर सगळीकडेच असतात. पण ज्याच्या फुप्फुसात पोकळी आहे त्याने हे काम करू नये. रागावतील, तरी काढा.

साधी कॅप्सूल असेल तर जेवणानंतर लगेच द्या आणि अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, अ‍ॅसिड नसेल तर ती नीट शोषली जात नाही. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी करून घेता आली तर उत्तम.

छातीचा_डॉक्टर

आणि बुडेसोनाइडचं विसरू नका. इट्राकोनाझोलमुळे ते शरीरात साठतं, आतलं स्टेरॉइड बिघडतं, इनहेलर बदलावा लागू शकतो. हार्ट फेल्युअर असेल तर हे औषधच टाळतात. पायांवर सूज? कोलेस्टेरॉलची गोळी कोणती?

शेवंती, इंदूर

सूज नाही, दोन वर्षांपूर्वीचा इको (हृदयाची सोनोग्राफी) बरा होता. पर्चीवर कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन आणि अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल दोन्ही आहेत.

छातीचा_डॉक्टर

सिम्व्हास्टॅटिन इट्राकोनाझोलबरोबर चालतच नाही, स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. नवीन औषधाचा पहिला डोस देण्याआधी फोन करा, भेटीची वाट बघू नका. इको जुना झालाय, तोही विचारा.

शेवंती, इंदूर

फोन लावला. सिम्व्हास्टॅटिन बंद, पॅन्टोप्राझोलचं आणि इनहेलरचं सोमवारी बघणार. सोमवारीच इको. खताचा डबा शेजारच्या काकूंनी नेलाय, नाना बोलत नाहीयेत माझ्याशी.