मदत हवी आहे: मित्राला 'माझ्याबरोबर नाचशील का?' कसं विचारू?

मंडळी, सल्ला हवाय. हसायचं तर हसून घ्या, पण मग उत्तर द्या.

पुढच्या शुक्रवारी शाळेत डान्स आहे. मी अकरावीत. वर्गातला एक मित्र मला आवडतो. मैत्री जुनी, भांडणं रोजची. आवडतो हे त्याला माहीत नाही, निदान मी तसं धरून चालले आहे. एका संथ गाण्यावर नाचशील का, एवढंच विचारायचंय.

घोळक्यात नाचायला काहीच अडचण नाही. सगळे गोल करून उड्या मारतात, त्यात आम्ही दोघंही असतो. पंचाईत होते ती संथ गाणं लागलं की. गोल फुटतो, जोड्या पुढे सरकतात आणि हा पेयांच्या टेबलापाशी जाऊन कागदी ग्लासची कड नखाने उलगडत उभा राहतो. त्याला नाचायचंच नसतं की कुणी विचारत नाही म्हणून उभा असतो, काही कळत नाही.

एक मैत्रीण म्हणते मेसेज टाक. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तरच आलं नाही तर रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. दुसरी म्हणते, 'आम्ही त्याला ढकलत तुझ्यापर्यंत आणतो.' तिला हात जोडलेत.

खरा पेच वेगळाच आहे. 'मित्र म्हणून नाचू या' म्हटलं तर ते अर्धं खोटं. पुढे कळलं तर त्याला फसवल्यासारखं वाटेल का? आणि खरं सांगून विचारावं, तर एका गाण्यापायी केवढं ओझं त्याच्यावर! सोमवारी पुन्हा एकाच वर्गात बसायचंय.

आणि हो, पावलं कशी टाकायची तेही सांगा. मला नाचता येतं, पण एकटीला.

घुबड: 'मित्र म्हणून' हे शब्दच गाळ. 'एका संथ गाण्यावर माझ्याबरोबर नाचशील?' बास. यात खोटं काही नाही आणि कबुलीही नाही. फक्त तो एकटा असताना विचार. चारचौघांत विचारलंस तर बिचाऱ्याला नाही म्हणायची सोय उरत नाही, आणि मग त्याच्या 'हो'चा तरी काय भरवसा?

जुनी खोड: वरच्याशी सहमत, पण आदल्या दिवशीच विचार. गाणं जेमतेम तीन-चार मिनिटांचं, त्यातलं निम्मं अडखळण्यात जाईल. शिवाय अचानक विचारलं की काहींच्या तोंडून आधी 'नाही'च निघतं. मी त्यातलाच. पावलांचं म्हणशील तर भार एका पायावर, मग दुसऱ्यावर, ठेका धरून जागच्या जागी सावकाश वळत राहा. हात त्याच्या खांद्यावर. वॉल्ट्झच्या नादी लागू नकोस, त्याला तीनाचा ठेका लागतो आणि अशा ठिकाणी वाजणारी बहुतेक गाणी चाराच्या ठेक्यातली असतात. दोघांनी एकदम खाली पायांकडे पाहिलं तर कपाळमोक्ष ठरलेला.

धागाकर्ती: आदल्या दिवशीचं पटलं. पण तो नाही म्हणाला तर त्यावर मी काय बोलू?

घुबड: 'बरं' म्हण. कारण विचारत बसू नकोस. लगेच रोजचं काहीतरी काढ, वही माग, गृहपाठाचं विचार.

धागाकर्ती: त्याची वही गेल्या आठवड्यापासून माझ्याकडेच आहे. ती परत देताना विचारते.