पोस्टच्या दोन नव्या मुली: बॉल हातात आला की गडबड

नेरुळ_कोर्ट:
कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये यंदा एफवायच्या दोघींना पोस्टला, म्हणजे बास्केटजवळ पाठ करून, उभं करायचंय. एक पाच फूट नऊ इंच, शाळेत व्हॉलीबॉल खेळलेली. दुसरी पाच-दहा, अंगाने भक्कम, पण बास्केटबॉल जेमतेम वर्षभर. आठवड्यातून चार सकाळी दीड-दीड तास, उघडं सिमेंटचं कोर्ट, इंटरकॉलेजिएटला सहा आठवडे. ड्रॉप स्टेप (पाय मागे टाकून बास्केटकडे वळणं), हुक (एका हाताने डोक्यावरून शॉट), अप-अँड-अंडर (शॉटची हूल देऊन खालून जाणं) सगळं दाखवून झालं, रिकाम्या कोर्टवर दोघी करतातही. मॅचमध्ये बॉल घेतला की कमरेपर्यंत खाली आणतात आणि समोरची गार्ड अलगद काढून नेते. नाहीतर ट्रॅव्हल (बॉल हातात असताना पाय चुकीचा उचलणं), नाहीतर तीन सेकंद (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या लेनमध्ये जास्त थांबणं). भक्कम मुलीचे हाफपर्यंत चार फाउल. सुरुवात कुठून करू?

तलावपाळी_१४:
पंधरा दिवस मूव्ह शिकवणं बंद करा. तुमचं दुखणं बॉल येण्याच्या आधीचं आहे.

आधी जागा. लेनच्या कडेला भरीव रंगवलेला ठोकळा असतो, त्याच्या एक पाऊल वर, फ्री थ्रो लाइनच्या बाजूला उभं राहायचं. ठोकळ्याच्या खाली गेली की बेसलाइनकडे (बास्केटमागच्या रेषेकडे) वळल्यावर ती बोर्डच्या मागेच निघते. मग सील: डिफेंडरच्या पुढच्या पायापलीकडे आपला पाय टाकायचा, बूड खाली, पाठीला ती जाणवली पाहिजे. डिफेंडरपासून लांबच्या हाताचा पंजा उघडा ठेवून तिथे बॉल मागायचा. हाताने ढकलायचं नाही, जागा पायांनी आणि बुडाने धरायची. सील टिकतो दीड-दोन सेकंद. तेवढ्यात पास आला नाही तर लेनमधून पलीकडे जा किंवा हाय पोस्टला, फ्री थ्रो लाइनपाशी ये. तिथेच थांबून हाका मारत राहिली म्हणून तीन सेकंद जातात.

बॉल घेताना पुढे येऊन दोन्ही पायांवर एकदम उतरायचं. त्यामुळे पिव्हट (जमिनीला टेकवून ज्यावर फिरायचं तो पाय) कुठलाही पाय करता येतो. बॉल सरळ हनुवटीखाली, कोपर बाहेर. मग बेसलाइनकडच्या खांद्यावरून एक नजर. ही नजर टाकायची सवय नसते, म्हणून डिफेंडर कुठेय ते न बघताच वळतात.

ट्रॅव्हल बहुतेक एकाच जागी होतो. ड्रॉप स्टेपचा पाय टाकला की दुसरा पाय पिव्हट होतो, आणि बॉल हातातून सुटण्याआधी तो उचलला जातो. म्हणून क्रम असा पाठ करून घ्या: पाय टाक, दोन्ही हातांनी पायांच्या मधोमध एक जोरदार टप्पा, दोन्ही पायांवर उडी. पहिले चार दिवस चालत्या गतीने.

डिफेंडर हवा म्हणून जुन्या सॅकमध्ये कपडे कोंबा आणि वळताना खांद्यावर, शॉटच्या वेळी हातावर हलके धक्के द्या. रिकाम्या कोर्टवरची मूव्ह मॅचमध्ये मोडते ती या धक्क्यामुळेच.

वाशी_विंग:
वरचं सगळं मान्य, पण अर्धा दोष आपल्याच गार्डच्या पासचा असतो आणि शिव्या पोस्टला बसतात. विंगवरची (कोर्टच्या बाजूला उभी असलेली) मुलगी फ्री थ्रो लाइनच्या रेषेपेक्षा वर उभी राहून पास देत असेल तर तो डिफेंडरच्या हाताखालूनच जाणार. तिने एक-दोन टप्पे मारून खाली यावं, पास वर दाखवावा आणि खालून टप्प्याचा द्यावा, पोस्टच्या उघड्या पंजाकडे. पास देऊन तिथेच पुतळा झाली की तिचीच डिफेंडर खाली येऊन बॉल टिपते. तुमची ‘अलगद काढून नेणारी गार्ड’ बहुधा हीच. पास दिला की कॉर्नरला सरक किंवा बास्केटकडे कट.

समोरच्यांनी पोस्टच्या पुढे उभं राहून डिफेन्स केला तर वरून लॉब, म्हणजे उंच पास, द्यायचा मोह होतो. खाडीवरचा वारा असलेल्या कोर्टवर नको. हाय पोस्टला पास आणि तिथून आत.

घोडबंदर_रोड:
फाउलबद्दल. भक्कम मुली हात खाली आणतात, म्हणजे शॉट ‘मारायला’ जातात. तिला फक्त उभं राहायला शिकवा: दोन्ही हात सरळ वर, उडी मारलीच तर जागच्या जागी, छातीला धडक बसली तरी हात पुढे झुकवायचे नाहीत. सरावात दोन हातांत दोन टेनिस बॉल द्या, पकडायची सोयच राहत नाही. आणि शॉट सुटल्यावर आधी वळून आपण अडवत असलेल्या मुलीला पाठीवर घे, मग बॉल बघ. पाठीवरून उडी मारल्याचे दोन फाउल यातच वाचतात.

व्हॉलीबॉलवालीचं टायमिंग सोनं आहे, पण ती बॉल थापटते, धरत नाही. बोर्डवर मारलेला बॉल उडी मारून दोन्ही हातांनी ओढून हनुवटीखाली, दोन्ही पायांवर उतरून, रोज २० वेळा. एका पायावर आणि गुडघा आत वळवून उतरत असेल तर बाकी सगळं थांबवून आधी ते सुधारा. गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलांपेक्षा मुलींत जास्त होते, आणि ओलं सिमेंट तर बघायलाच नको. पाऊस पडला की पॅसेजमध्ये पिव्हट आणि ३० सेंटीमीटरच्या पायरीवरून उतरणं, १० चे तीन सेट.

नेरुळ_कोर्ट:
मिकन ड्रिल (बास्केटखाली डावी-उजवीकडून आलटून पालटून जवळचे शॉट) सध्या रोज आहे. डाव्या हाताने दहात तीन जातात. चालू ठेवू?

तलावपाळी_१४:
ठेवा, पण दोघींचा बॉल खांद्याखाली उतरतोय का ते पाहा. उतरला तर तो मोजायचा नाही. डावीकडून उजव्या पायावर उडी, बोर्डवरच्या चौकोनाच्या जवळच्या वरच्या कोपऱ्यावर बॉल. ३० सेकंदांत आधी १०, सहा आठवड्यांत १६ झाले तरी खूप. मूव्ह प्रत्येकी एकच द्या, ड्रॉप स्टेप, आणि ती अडवली तर तिचीच उलट बाजूला वळायची एक. हुक पुढच्या वर्षी.

वाशी_विंग:
इथे थोडं वेगळं मत. पाच-नऊ, पाच-दहा ही काही उंची नव्हे, भारताच्या माजी सेंटर गीतू ॲना जोस सहा फूट दोन. दोघींना हाय पोस्टवरून बास्केटकडे तोंड करून १५ फुटांचा शॉट आणि एक टप्पा शिकवाच, नाहीतर उंच टीमसमोर दोघी अडकतील.

एक विचारायचं राहिलं: बॉल कुठल्या नंबरचा वापरता?

नेरुळ_कोर्ट:
पेटी उघडून पाहिली. सहा नंबरचे दोन, बाकी सगळे मुलांचे सात नंबरचे. सकाळी जो हाताला लागेल तो.

वाशी_विंग:
मग बॉल हातातून निसटतो यात नवल नाही. सात नंबर घेरात ७५ सेंटीमीटरच्या वर आणि वजनाला ६०० ग्रॅमच्या आसपास, सहा नंबर ७२-७३ सेंटीमीटर आणि ५१० ते ५५० ग्रॅम. ते दोन सहा नंबर पोस्टच्या मुलींसाठी राखून ठेवा, विंगवरून पास देणारीकडेही तोच. आणि हवा तपासा: १.८० मीटरवरून सोडला की साधारण मीटरभर उसळायला हवा. पेटीतले बॉल बहुधा दगडासारखे फुगवलेले असतात.