मेडिकल मिशनला जायचंय, हो म्हणण्याआधी त्यांना काय काय विचारू?

टाकेवाली:
प्लास्टिक सर्जरीचं एमसीएच नुकतंच संपलंय. एका परदेशी संस्थेने विचारलंय की आमच्या टीमबरोबर दोन आठवडे एका गरीब देशातल्या जिल्हा रुग्णालयात येशील का, दुभंगलेले ओठ आणि टाळूच्या केसेस करायच्या आहेत, तिकीट-राहणं सगळं ते बघणार. घरचे खूष आहेत, आमचे एक सर मात्र म्हणाले ही सर्जरीची सहल असते, फोटो काढायचे आणि परत यायचं. मला जायचंय हो, पण उगाच कुणाच्या डोक्याला ताप होऊन नाही. हो म्हणण्याआधी नक्की काय विचारायचं? जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा.

भूलतज्ज्ञ_रात्रपाळी:
पहिला प्रश्न, तुम्हाला बोलावलंय कोणी? म्हणजे तिथल्या हॉस्पिटलने मागणी केलीय की संस्थेने आपल्या तारखा ठरवून त्यांना कळवलंय. दुसऱ्या प्रकारात काय होतं तर ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर आठवडाभर पाहुण्यांना दिली जाते आणि त्यांची नेहमीची सिझेरियन, हर्निया, फ्रॅक्चर बाहेर ताटकळत बसतात, आणि हे कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही.

दुसरं, रात्री कोण असणार? ओठाचं एक वेळ ठीक आहे पण टाळूची केस म्हणजे पहिली रात्र जागायचीच असते. रक्तस्राव होऊ शकतो, जीभ सुजून मागे पडते, श्वास अडतो. म्हणून बरेच जण जिभेतून एक टाका घालून त्याची लांब टोकं गालावर चिकटवून ठेवतात, मूल गुदमरायला लागलं की ती ओढून जीभ पुढे घ्यायची. आता तो दोरा कशासाठी आहे हे वॉर्डातल्या रात्रीच्या सिस्टरला कुणी दाखवलं का? मी जिथे गेले होते तिथे पहिल्या दिवशी कुणीच दाखवलं नव्हतं, तिला वाटलं ड्रेसिंगचाच भाग आहे. एकच सिस्टर आणि अख्खा वॉर्ड. शेवटी आमच्यातलं कुणीतरी रोज रात्री तिथेच बसायला लागलं. त्यामुळे किती केसेस करणार यापेक्षा वॉर्डात रात्री किती माणसं आहेत आणि पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र) किती आहेत ते विचारा. ऑक्सिमीटर ही अजूनही काही ठिकाणी चैन आहे, 2011 मध्ये लाइफबॉक्स नावाची संस्था मुळात त्यासाठीच सुरू झाली.

वायरमन_बायोमेडिकल:
मी डॉक्टर नाही, मशिनं दुरुस्त करतो. टीम येताना सामान आणते आणि जाताना मोठ्या मनाने ठेवून जाते, त्याबद्दल बोलतो. गरीब देशांतल्या हॉस्पिटलमधली साधारण 40 टक्के उपकरणं बंद असतात असं 2011 च्या एका अभ्यासात आलं होतं आणि मला त्याचं काही नवल वाटलं नाही. 110 व्होल्टचं अमेरिकन मशीन 230 च्या सॉकेटला लावलं की धूर, नाहीतर मशीन चांगलं पण त्याचं सेन्सर किंवा ट्यूबिंग तिथे मिळतच नाही, मॅन्युअल भलत्याच भाषेत, मग ते कपड्याखाली झाकून धूळ खात पडतं आणि फेकताही येत नाही कारण दान आहे. औषधांचं पण तेच, डब्ल्यूएचओच्या नियमाप्रमाणे दान केलेली औषधं त्या देशात पोचल्यावर निदान एक वर्षाची मुदत शिल्लक पाहिजे, लोक कपाट साफ केल्यासारखं घेऊन जातात. न्यायचं असेल तर तिथल्या स्टोअरवाल्याला आधी यादी मागा.

उलट_बाजू:
सगळे एवढे घाबरवताय तर मी दुसरी बाजू मांडतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशनचा 2015 चा रिपोर्ट आहे, 5 अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी सर्जरी मिळत नाही आणि गरीब-मध्यम देशांत वर्षाला आणखी 14.3 कोटी ऑपरेशन्स व्हायला हवीत. ज्या पोराचा ओठ फाटलेला आहे त्याच्या आईला सांगणार का की थांबा, आधी तुमची यंत्रणा उभी राहू दे? सर बोलायला मोकळे आहेत.

भूलतज्ज्ञ_रात्रपाळी:
@उलट_बाजू आईला कोणी थांब म्हणत नाहीये. पण टाळूला भोक पडायचं असेल तर ते बहुतेक टीम गेल्यावरच कळतं. दूध नाकातून यायला लागतं, आई परत हॉस्पिटलला येते आणि तिथला डॉक्टर म्हणतो मी हे केलेलं नाही. आणि टाळू शिवला की बोलणं आपोआप सुधारतं असंही नाही, मोठ्या मुलांना तर स्पीच थेरपी महिनोन् महिने लागते, ती कोण देणार? स्माइल ट्रेन ही ओठ-टाळूच्या सर्जरीसाठी काम करणारी संस्था 1999 पासून तिथल्याच सर्जनना ट्रेनिंग आणि पैसे देते ते याचसाठी, सर्जन बारा महिने तिथेच असतो. केनियात एल्डोरेटला मोई युनिव्हर्सिटी आणि इंडियाना युनिव्हर्सिटीचं काम बघा, 1980 च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं आणि अजून चालू आहे, बाहेरचे डॉक्टर येतात-जातात पण संबंध हॉस्पिटलचा हॉस्पिटलशी आहे. तुमची संस्था पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी जाणार आहे का एवढं विचारलं तरी पुष्कळ कळेल.

टाकेवाली:
बाप रे, यातलं निम्मं डोक्यातच नव्हतं. विचारलं त्यांना. तिथे एक जनरल सर्जन आहेत, त्यांना ओठाची सर्जरी शिकायची आहे. फॉलोअपचं उत्तर गोलगोल आलंय, "लोकल टीम बघेल". मग मी फक्त ओठ करते असं सांगू का? टाळूच्या केसेस मोठ्या सेंटरला पाठवा म्हणून? की उद्धटपणा वाटेल?

भूलतज्ज्ञ_रात्रपाळी:
अजिबात नाही, बिनधास्त सांगा. आणि त्या सर्जनशी संस्थेला मध्ये न घेता थेट एकदा फोनवर बोला, केसेस त्यांनाच निवडू द्या. ओटीत सुई त्यांच्या हातात, तुम्ही असिस्ट करा. केसेस निम्म्या होतील, संस्थेचं तोंड वाकडं होईल, होऊ दे. हो, आणि त्या देशाच्या मेडिकल कौन्सिलचं तात्पुरतं रजिस्ट्रेशन हातात आल्याशिवाय विमानात बसू नका, "तिथे गेल्यावर होतं" असं म्हणाले तर समजा झालेलं नाही.