स्ट्रेनला मराठीत काय म्हणावे: वाण, प्रकार की वंश?

अनुवादक: क्षयाच्या जीवाणूवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'स्ट्रेन' दर दोन ओळींनी भेटतो. इकडेतिकडे शोधले तर प्रकार, उपप्रकार, वाण, प्रभेद, आणि काही ठिकाणी चक्क प्रजातीसुद्धा! प्रजाती म्हणजे स्पीशीज, तेव्हा ती बाद. उरलेल्यांतला कुठला घेऊ? शिवाय लेखात म्हटले आहे की या जीवाणूच्या स्ट्रेनांमध्ये जनुकीय फरक फार थोडा असतो. मग वेगवेगळी नावे तरी कशाला?

पेट्रीबशी: कारण स्ट्रेन फरकाच्या मापावरून ठरत नाही, कुळावरून ठरतो. एका नमुन्यातून वेगळा काढलेला, वाढवून जपलेला जीवाणू आणि त्याची पुढची संतती, एवढाच त्याचा मूळ अर्थ. क्षयाचा संदर्भ म्हणून जगभर वापरतात तो एच३७आरव्ही. त्याचा पूर्वज १९०५ साली एका रुग्णाकडून मिळाला आणि १९९८ मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच वाचून झाला: डीएनएची सुमारे ४४ लाख अक्षरे. त्याच पूर्वजाची दुसरी शाखा एच३७आरए. दोघांत जनुकीय फरक मोजकेच, पण आरव्ही रोग करतो आणि आरए जवळजवळ निरुपद्रवी.

आता आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू पाहा. प्रयोगशाळेतला के-१२ आणि अन्नातून विषबाधा करणारा ओ१५७:एच७, दोघांची प्रजाती एकच. पहिल्याचा जनुकसंच ४६ लाख अक्षरांचा, दुसऱ्याचा ५५ लाखांचा. दुसऱ्यात अशी सुमारे १,४०० जनुके आहेत, जी पहिल्यात मुळीच नाहीत. २००२ मध्ये मूत्रमार्गाला संसर्ग करणारा तिसरा स्ट्रेन घेऊन तुलना झाली, तेव्हा तिघांच्या एकत्रित प्रथिनांपैकी तिघांतही सापडणारी ४० टक्केसुद्धा भरली नाहीत. क्षयाच्या जीवाणूत मात्र पृथ्वीच्या दोन टोकांचे नमुने घेतले तरी ४४ लाखांत फरक साधारण एक-दोन हजार अक्षरांचा. दोन्हीकडे शब्द तोच, स्ट्रेन. म्हणून मी तर 'स्ट्रेन' तसाच ठेवीन.

जुनी पोथी: सरसकट ठेवायची गरज नाही. 'वाण' चांगला शब्द आहे. पिकाचा वाण म्हणजे निवडून, जपून, पुढच्या पिढीतही तसाच उतरणारा. वाण हा 'वर्ण'वरून आलेला, म्हणजे मुळात रंग. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, यातला वाण हाच.

पेट्रीबशी: ही म्हण सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात सांगावी अशी आहे. जीवाणूंत अगदी हेच घडते. शेजारच्या जीवाणूकडून प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे सुटे वेटोळे, मिळते, त्यावर प्रतिजैविकाला दाद न देण्याचे जनुक असते; वाण तोच राहतो आणि गुण लागतो. ओ१५७ला विष बनवण्याचे जनुकही बाहेरूनच आले, जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूकडून.

पण अनुवादकांनी इथे सांभाळावे. क्षयाचा जीवाणू अशी देवघेव जवळजवळ करत नाही. त्याची औषधप्रतिरोधकता त्याच्या स्वतःच्या उत्परिवर्तनातून येते. आरपीओबी या जनुकात नेमक्या जागी एक अक्षर बदलले तरी रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे औषध लागू पडेनासे होते. हा बदल वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा घडलेला आहे. म्हणून 'रिफॅम्पिसिन-प्रतिरोधक स्ट्रेन' हा कुणी एक स्ट्रेन नव्हे. त्याला 'प्रतिरोधक उपप्रकार' म्हटले की वाचकाला वाटते, एकच नवा जंतू सगळीकडे पसरतो आहे. तिथे सरळ 'प्रतिरोधक जीवाणू' लिहा.

अनुवादक: हे महत्त्वाचे. आणि 'प्रकार'?

जुनी पोथी: प्रकार म्हणजे बाहेरून पाहून केलेली वर्गवारी. सीरोटाइपला, म्हणजे जंतूच्या पृष्ठभागावरच्या रेणूंवरून पाडलेल्या गटाला, तो चालेल.

पेट्रीबशी: सहमत, आणि त्याला पटकीचे उदाहरण उत्तम. पटकीच्या जीवाणूचे पृष्ठभागावरच्या शर्करासाखळ्यांवरून २००हून अधिक प्रकार पाडतात. मोठ्या साथी आणल्या त्या ओ१ आणि ओ१३९ या दोघांनीच. १९९२ मध्ये भारत-बांगलादेशात ओ१३९ची साथ आली तेव्हा जंतू अगदी नवा वाटला होता. जनुके पाहिली तर तो ओ१मधला जुना एल टॉर वंशच निघाला, फक्त शर्करासाखळ्या घडवणारा जनुकांचा गट बदललेला. प्रकार नवा, वंश जुना. दोन्हींना 'उपप्रकार' म्हटले तर हे वाक्यच लिहिता येणार नाही.

'वाण' मी बीसीजीसाठी राखून ठेवीन. गाईगुरांना क्षय करणारा जीवाणू १९०८ ते १९२१ या काळात सुमारे २३० वेळा नव्या माध्यमावर वाढवत नेला, तेव्हा कुठे तो माणसाला लस म्हणून देण्याइतका सौम्य झाला. माणसाने निवडून घडवलेला, म्हणजे वाणच. पुढे देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी तो आपापल्या परीने वाढवत ठेवला आणि त्याचेही फाटे फुटले: डॅनिश, टोकियो, मॉस्को वगैरे. ते उपवाण.

अनुवादक: लेखात शेवटी 'बीजिंग स्ट्रेन' आहे. 'बीजिंग घराणे' कसे वाटते? कानाला गोड आहे.

जुनी पोथी: गोड आहे, पण घराण्यात बाहेरचा शिष्यही येतो.

पेट्रीबशी: आणि इथे तर बाहेरून काहीच येत नाही. बीजिंग हे एका नमुन्याचे नाव नाही, पूर्व आशियाई वंशातली ती एक मोठी शाखा आहे. 'बीजिंग वंशशाखा' लिहा. मात्र कुणाकडून कुणाला लागण झाली हे शोधण्याचा भाग आला की 'स्ट्रेन'च ठेवा. तिथे हिशेब एकेका अक्षराचा असतो: जीवाणूत साधारण दोन वर्षांत एक अक्षर बदलते, म्हणून दोन रुग्णांच्या नमुन्यांत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर लागण अलीकडची मानतात आणि बाराच्या वर गेला तर संबंध नसावा असे धरतात. इतक्या बारीक अंतराला 'वंश' फार मोठा पडतो.