टीमची प्रॅक्टिस पुरते का? सॉफ्टबॉलच्या पोरींनी घरी काय करावं, की काहीच करू नये?

टॉवेलवाला_बाप
पोरगी तेरा वर्षांची, शाळेच्या १४ वर्षांखालच्या टीमला सेकंड बेसला (धावताना थांबायच्या दुसऱ्या जागेपाशी) फिल्डिंग करते. प्रॅक्टिस आठवड्यातून तीन दिवस, सव्वा तास, पोरी अठरा आणि सर एकटे. मागच्या शनिवारी मी कंपाउंडबाहेर गाडीवर बसून मोजलं, तिला बॅटिंगला अकरा बॉल मिळाले आणि ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत येणारे अडवायचे बॉल, सात. बाकी वेळ लाईनीत उभं राहायचं, बूट घासायचे, गप्पा. सरांचा दोष नाही, एक माणूस अठरा जणींना किती बॉल मारणार. पण असं दहा वर्षं चाललं तरी पोरगी तिथंच राहणार की ओ. वर जानेवारीत सोलापुरात गड्डा यात्रा भरली की होम मैदान गेलं, मे महिन्यात पारा ४२ च्या वर, मग सुट्टी.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, खेळ घरी सुधारतो, टीममध्ये फक्त तो दिसतो. मी गच्चीवर दोरीला दोन सोलापुरी चादरी टांगल्यात, आमच्या कारखान्यातला सेकंडचा माल, जाड सुताच्या. समोर पाच फुटावर पाईपचा स्टँड, त्यावर बॉल ठेवायचा आणि स्लगरनं (सॉफ्टबॉलची बॅट) चादरीत मारायचा. रोज पन्नास. एका आठवड्याचे बॉल एका दिवसात. कुणाला पटत नसेल तर सांगा.

माजी_शॉर्टस्टॉप
पटतंय. मी युनिव्हर्सिटीपर्यंत खेळले आणि माझी फिल्डिंग शिकवली ती भवानी पेठेतल्या आमच्या मागच्या भिंतीनं, कुठल्या सरांनी नाही. पण एक, भिंतीवर सॉफ्टबॉल मारू नका, बॉल फुटतो, प्लास्टर पडतं आणि शेजारच्या मावशी चार वाजता लाटणं घेऊन येतात. टेनिस बॉल घ्या. सात-आठ पावलांवरून खाली जोरात मारायचा म्हणजे टप्पा घेऊन ग्राउंडरसारखा परत येतो. गुडघे वाकलेले, बूड खाली, बॉल डोळ्याच्या पुढं घ्यायचा, पायाच्या मधे नाही. आधी ग्लोव्ह न घालता नुसत्या हातानं. ग्लोव्ह असला की हात आळशी होतो, बॉलवर झडप घालतो, नुसत्या हाताला बॉल लागतो म्हणून तो आपोआप मागं सरकत मऊ होतो. हे कळायला मला दोन वर्षं लागली. वीस मिनिटं पुरतात, त्यापुढं नुसता टाईमपास.

पीटीवाले_सर
मी शाळेत खेळ शिकवतो (तुमच्या पोरीच्या नाही), म्हणून थोडं कडू बोलतो. टॉवेलवाले साहेब, रोज पन्नास बॉल म्हणजे महिन्याला दीड हजार, आणि ते चुकीचे असतील तर दीड हजार वेळा चूक घोटवून घेतली. माझ्याकडं दर जूनला अशा पोरी येतात, बापानं सुट्टीत तयार केलेल्या. बापाला क्रिकेट येतं, तो डावं कोपर वर करून सरळ बॅट शिकवतो. सॉफ्टबॉलमध्ये बॅट आडवी येते, आधी कंबर फिरते मग हात. ती सवय मोडायला मला दिवाळी उजाडते. कोरी पोरगी द्या, तीन महिन्यांत उभी करतो.

दुसरं म्हणजे पिचर, बॉल टाकणारी. घरी विंडमिल, म्हणजे हात गोल फिरवून खालून, टाकायला लावू नका. खालून टाकतात म्हणून खांद्याला त्रास नाही असं सगळे समजतात, साफ चुकीचं आहे. खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडाच्या वरच्या टोकाला चांगलाच ताण येतो, आणि वाढीच्या वयात हाडांची टोकं कच्ची असतात. दुखतंय म्हणाली की बाप म्हणतो सवय होईल. होत नाही ओ.

विंडमिल_फॅन
सर रिस्पेक्ट, पण मग जपानची पिचर उएनो काय? बीजिंग ऑलिंपिक २००८, दोन दिवसांत तीन मॅच, ४१३ बॉल टाकले आणि अमेरिकेला हरवून गोल्ड घेतलं. नंतर टोकियोत ३९ व्या वर्षी परत गोल्ड. ती काय आठवड्याला तीन दिवस सव्वा तास प्रॅक्टिस करून झाली का बे? आता लॉस एंजेलिसला २०२८ ला सॉफ्टबॉल परत येतोय आणि आपण पोरींना सांगतोय हात जपा, झोपा.

पीटीवाले_सर
उएनो तेव्हा २६ वर्षांची, पूर्ण वाढ झालेली, मागं डॉक्टर-ट्रेनरची फौज. तुम्ही तेरा वर्षांच्या पोरीचं बोलताय. नाव घेताना वय पण घ्या.

जुळे_सोलापूरकर
एवढं सगळं कशासाठी ओ? दहावीला ग्रेस मार्क मिळतात तेवढे घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. माझ्या भाच्यानं तेच केलं, आज पुण्यात आयटीत आहे, ग्लोव्ह कुठं पडलाय त्याला माहीत पण नाही. पोरांना गच्चीवर उन्हात पळवता आणि गणिताच्या वेळी झोप येते म्हणून रडता.

टॉवेलवाला_बाप
साहेब धागा गणिताचा नाही. उन्हात कोण पळवतंय, सकाळी सहाला करतो. फक्त पाण्याच्या दिवशी सुट्टी, कारण नळ चार-पाच दिवसांनी येतो आणि तोही नेमका सहालाच.

दोघींची_आई
मी वाचत होते नुसती, पण आता लिहिते. पाण्याच्या दिवशी सुट्टी कुणाला, तुम्हाला का पोरीला? आमच्याकडं तर पाणी पोरीच भरतात. तुम्ही सगळे टेक्निकवर भांडालाय, पण माझ्या मोठीला प्रॅक्टिसबाहेर वेळच कुठंय? भाऊ संध्याकाळी सातपर्यंत ग्राउंडवर, कुणी विचारत नाही. ती साडेसहाला आली नाही की आजी दारात उभी. ग्राउंडवर उरतात ती पोरं क्रिकेट खेळणारी, ती काय हिला टप्पे देणार आहेत. म्हणजे पोरींसाठी "घरची प्रॅक्टिस" ही काही निवड नाही, तेवढीच जागा मिळते. सरांचं पटतं मला, चूक घोटली जाते, पण सर कोरी पोरगी मागतात आणि कोरी पोरगी टीममध्ये बाकावर बसते, हे पण सांगा की. मी काय केलं, भाकरी थापायची पाळी भावाला लावली. पहिले आठ दिवस घरात भूकंप, भाकऱ्यांचे नकाशे. पण रोजची पाऊण तास पोरगी मोकळी झाली. हे माझं कोचिंग.

माजी_शॉर्टस्टॉप
ताई 🙏 मला हे करणारी आई असती तर!

नऊ_नंबर
मी सोळाची आहे, १७ खालच्या टीमला आहे, सेंटर फिल्ड. मोठ्यांच्यात बोलते सॉरी. पप्पांनी मोजत बसणं बंद करा प्लीज. माझे पप्पा पण मोजायचे, "आज पंचेचाळीसच झाले", मग शेवटचे पाच मी कसेपण मारायचे. आणि मॅचमध्ये कंपाउंडकडं बघायची सवय लागली, बॉल सोडून.

माझ्यात खरा फरक पडला तो बेस सोडण्यात. आपल्यात पिचरच्या हातातून बॉल सुटायच्या आधी पाय निघाला की आऊट, आधीच पुढं सरकून उभं राहता येत नाही. मग मी आणि माझी मैत्रीण बोळात खडूनं रेघ मारायचो, ती नुसता हात फिरवायची, बॉल पण नाही, हात मांडीजवळ आला की मी सुटायची. दोन बेसमधे ६० फूट, म्हणजे अठरा मीटरच्या थोडं वर, आमच्या बोळात बरोबर किराणा दुकान ते विजेचा खांब. खूप हसायचो, दुकानवाले काका पण टायमिंग सांगायला लागले. आता स्टीलला, म्हणजे पिचर बॉल टाकताना पुढचा बेस पळून चोरताना, मी आऊट क्वचित होते. ह्यात चुकीची सवय लागायला काही नाही ना सर? आणि खांदा पण दुखत नाही.

पीटीवाले_सर
नाही बाळ, ह्यात काहीच चुकीचं नाही, उलट हे मी माझ्या पोरींना उद्या करायला लावतो. माझा विरोध घरी खेळण्याला नाही, घरी कोच होण्याला आहे. भिंत, पळणं, टप्पे, नुसत्या हातानं पकडणं, हे बिनधास्त करा. बॅटिंग करायची तर आधी एकदा कुणीतरी जाणकारानं बघावं. पिचिंग मात्र माझ्यासमोरच, ह्यावर मी हटणार नाही. आणि आठवड्यात एक दिवस काहीच नाही, लंगडी खेळा, पोहा, झोपा.

विंडमिल_फॅन
समोरच म्हणता सर, पण तुम्ही पण एकटेच आणि पोरी ढीगभर. पिचरला तुमच्यासमोर किती बॉल मिळणार? परत तिथंच आलो की.

पीटीवाले_सर
आलो खरं. ह्याला माझ्याकडं आज उत्तर नाही. तरी दुखऱ्या खांद्यापेक्षा कमी बॉल परवडले.

टॉवेलवाला_बाप
मोजणं बंद. आज पोरीला धागा वाचून दाखवला, नऊ नंबरचं ऐकून "बघा" म्हणून माझ्याकडं जी बघितली ना. सर, क्रिकेटचं पण खरं आहे, मी पार्क स्टेडियमवर रणजी बघत वाढलेला माणूस, कोपर मीच वर करायला लावलं होतं. बाजूनं मोबाईलवर शूट करून तुम्हाला पाठवलं तर बघाल का? पण चादर मी काढणार नाही, आधीच सांगतो.

पीटीवाले_सर
पाठवा. तिला खरं मारू द्या, कॅमेऱ्यासाठी नको. आणि चादर ताणून बांधली असेल तर सैल सोडा, नाहीतर बॉल उलटा येऊन तिलाच बसेल.

दोघींची_आई
टॉवेलवाले दादा, सेकंडच्या मालातली एखादी चादर जादा आहे का? पैसे देते. आमच्या गच्चीवर दोरी आहे, चादरी सगळ्या पाहुण्यांना देऊन संपल्या.

टॉवेलवाला_बाप
पैसे कसले ताई. अशोक चौकात या रविवारी, दोन देतो. एक भाकरीवाल्या भावाला.