ज्यू परंपरेतले जुने वाद वाचायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

रविवारकट्टा:
आम्ही चौघं निवृत्त मित्र दर रविवारी मिळून काहीतरी वाचतो. ज्ञानेश्वरी झाली. आता ज्यू परंपरेत शतकानुशतकं चाललेले वाद समजून घ्यायचे आहेत. हिब्रू येत नाही, इंग्रजी चालेल. तालमूद या ज्यूंच्या धर्मचर्चांच्या ग्रंथाचा पसारा बघून कुठे हात घालावा ते कळेना. जाणकारांनी सांगावं.

सोनचाफा:
अख्खा तालमूद आत्ता नको. रोज एक पान वाचणाऱ्यांनाही २७११ पानांना साडेसात वर्षं लागतात. एकच वाद घ्या, पण मुळातून: तालमूदचा बावा मेत्सिया हा भाग, पान ५९, मागची बाजू. सेफारिया या संकेतस्थळावर इंग्रजी अनुवादासह फुकट मिळेल.

भट्टी शुद्ध की अशुद्ध, एवढाच प्रश्न. रब्बी (धर्मपंडित) एलिएझर यांच्या बाजूने झाड जागेवरून हलतं, पाणी उलटं वाहतं, शेवटी आकाशवाणीही होते. विरुद्ध बाजूचे रब्बी यहोशुआ उभे राहून म्हणतात, 'तोरा (देवाने दिलेलं धर्मशास्त्र) स्वर्गात नाही.' निकाल बहुमताने लागतो. बरेच जण इथेच थांबतात. कृपा करून पुढे वाचा. एलिएझरना बहिष्कृत करतात. ते सांगायला त्यांचेच शिष्य रब्बी अकिवा काळे कपडे घालून जातात, चार हात लांब बसतात. एलिएझर रडतात. आणि ही सगळी हकिकत येते शब्दांनी माणूस दुखावण्याच्या चर्चेत! निकाल योग्यच होता, पण त्यांना असं वागवायला नको होतं, असं मला ठामपणे वाटतं.

पद्धत हव्रुताची ठेवा: जोडीने बसायचं, मोठ्याने वाचायचं, एकाने अर्थ लावायचा, दुसऱ्याने हरकत घ्यायची. तुमच्या दोन जोड्या होतात, उत्तम.

थळकर:
सोबत आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचंही वाचा. 'ज्यू कोण?' हा वाद त्यांच्या घरात शिरला होता. पूर्वजांचे घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का, अशी शंका काढून इस्रायलच्या मुख्य रब्बींनी १९६२ मध्ये त्यांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या लग्नांआधी मागच्या पिढ्यांची चौकशी लावली. त्यांनी आंदोलन केलं, १९६४ मध्ये संसदेनेही त्यांची बाजू घेतली, आणि रब्बींना माघार घ्यावी लागली.

रविवारकट्टा:
दोघांचे आभार. आमच्यातले एक पक्के परंपरावादी आहेत, ते एलिएझरची बाजू सोडणार नाहीत. हिलेल आणि शम्माय या दोन जुन्या गुरूंच्या शिष्यांचे वाद कधी घ्यावेत?

सोनचाफा:
लगेच नंतर. तालमूदचाच एरुविन हा भाग, पान १३, मागची बाजू. हिलेलच्या शिष्यांचं मत मान्य झालं, कारण ते विरोधकांचं, म्हणजे शम्मायच्या शिष्यांचं, म्हणणं आपल्या म्हणण्याआधी सांगत. तुमच्या परंपरावादी मित्रांना पहिल्या रविवारी यहोशुआंची बाजू मांडायला द्या.