मदत हवी आहे: मिरचीवर बोकड्या (पानं आकसून वाकडी होण्याचा रोग), छाटू की उपटू?

पुण्यात पूर्वेची गॅलरी, ऊन दुपारी बारापर्यंत. रंगाच्या जुन्या बादल्यांना तळाशी भोकं पाडून माती, शेणखत, कोकोपीट भरलंय. बी घरच्या सुक्या मिरचीचं, त्यामुळे खर्च नगण्य. आता शेंड्याची पानं वरच्या बाजूला वळलीत, फुलं गळताहेत. पान पांढऱ्या कागदावर झटकलं की बारीक पिवळसर किडे तुरुतुरु पळतात, म्हणजे फुलकिडेच असावेत. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारतेय. तरी नवी पालवी वाकडीच. घरात लहान मूल आहे, रासायनिक औषध नको. (महागडी किटं तर नकोतच!) शेजारीच टोमॅटो आहे. शेंडे छाटले तर झाड सावरेल, की विषाणू समजून उपटूनच टाकावं? उपटलं तर तीच माती उन्हात तापवून पुन्हा मिरचीला चालेल का?